प्रश्न केवळ उताऱ्यांचा नाही

दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून सादर करण्यास आळा बसावा, यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्वतंत्र विनियम केले. प्रबंधांपुरती त्यांची मांडणी टक्केवारीची आहे. अन्य लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत आढळल्यास शिक्षा नाही. ४० टक्क्यांपर्यंत आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावयाचा. ६० टक्क्यांपर्यंत गेल्यास वर्षभर तो सादर करण्यास बंदी. आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठालाही हे विनियम लागू आहेत. त्यांची गरज कोणी नाकारणार नाही. परंतु पत्रकारितेच्या वर्गात एवढ्याने भागते काय, याचा विचार व्हावयास हवा.

साम्य शोधणारे यंत्र नक्कल पकडते. कपोलकल्पित मजकूर त्याच्या चाळणीतून सहज निसटतो. अमेरिकेतील ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १९८० मध्ये अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या एका मुलाची कहाणी प्रसिद्ध केली. १९८१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि पाठोपाठ उघड झाले, की असा मुलगा मुळी नव्हताच. लेखिका जॅनेट कुक यांना राजीनामा द्यावा लागला, पारितोषिकही परत गेले. त्या कहाणीचा दोष उसनवारीचा नव्हता. टक्केवारीच्या कसोटीवर ती बहुधा निर्दोष ठरली असती. आज तर कापसाच्या भावावर शेतकऱ्याची प्रतिक्रिया, शेतकऱ्याला न विचारताच, लिहून देणारी संगणकीय साधने विद्यार्थ्याच्या खिशात आहेत.

म्हणून पत्रकारितेच्या विद्यार्थ्याची तपासणी लेखनाच्या आधीपासून सुरू झाली पाहिजे. बाजार समितीत तो गेला होता काय, कोणाशी बोलला, कोणत्या दिवशी, आणि कानावर आलेली गोष्ट त्याने दुसऱ्या कोणाकडून पडताळून घेतली काय, हे त्याच्या टिपणवहीत दिसावयास हवे. उत्तरपत्रिकेइतकेच गुण त्या वहीला असावेत. नाव न छापण्याच्या अटीवर माहिती देणाऱ्याला दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. मात्र ही सवलत माणूसच निर्माण करण्याचा परवाना ठरू नये.

ही शिस्त खानदेशाला परकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळ्यात निधन झाले आणि त्यांचा संग्रह जतन करण्यासाठी पुढच्याच वर्षी तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. गावोगाव हिंडून दफ्तरे मिळवावीत आणि मूळ कागद छापून वाचकांसमोर ठेवावेत, हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. त्यांची कित्येक अनुमाने पुढील अभ्यासकांनी नाकारली. तरी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतील कागद आजही उपयोगी पडतात. पुरावा आणि मत यांची अशी फारकत वार्ताहरालाही तितकीच आवश्यक आहे.

जळगावचे उदाहरण तर विद्यापीठाच्या नावातच आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी कागदावर उतरवली. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर पुत्र सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. मूळ रचनाकर्ती हयात नाही, तिच्या हस्ताक्षराचा कागद नाही, ताडून पाहण्यास छापील पान नाही; अशा स्थितीत ज्याचे श्रेय त्याला देण्याचे काम केवळ मनाच्या सचोटीवर अवलंबून असते. ते त्यांनी मातेच्या पदरी घातले.

बहिणाबाईंची भाषा त्यांच्या घरची बोली होती, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. जळगाव-धुळ्याच्या वर्गांत घरी अहिराणी, लेवा बोली किंवा पावरी बोलणारी, पदवीपर्यंत पोहोचलेली कुटुंबातील पहिलीच मुले-मुली बसतात. आपले मराठी अशुद्ध ठरेल, या धास्तीने त्यांतील काहीजण दुसऱ्याच्या सफाईदार वाक्यांचा आसरा घेतात. त्यांना शिक्षा सुनावणे सोपे आहे. स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या ओबडधोबड बातमीला उसन्या गुळगुळीत मजकुरापेक्षा अधिक गुण देऊन ती दुरुस्त करायला शिकवणे कष्टाचे आहे. पहिल्यासोबत दुसरे होत नसेल, तर नियम निव्वळ धाक ठरतील.

वर्गातील वर्तनाचाही हाच न्याय. वेळेवर येणे, दिलेल्या मुदतीत काम देणे, चर्चेत सहाध्यायी बोलला ते त्याच्या अनुमतीवाचून बाहेर प्रसृत न करणे, या गोष्टी शाळकरी शिस्तीच्या नसून पुढील व्यवसायाच्या आहेत. मात्र वर्षानुवर्षांच्या त्याच टिपणांतून, आधार न सांगता मजकूर उतरवून देणाऱ्या प्राध्यापकाला विद्यार्थ्याकडे आधार मागण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.

परीक्षेत फसवणारा विद्यार्थी बव्हंशी स्वतःचे नुकसान करतो. तोच उद्या तालुक्याचा वार्ताहर होतो, आणि त्या वेळी न विचारता छापलेल्या वाक्याखाली एखाद्या शेतकऱ्याचे किंवा आश्रमशाळेतील मुलीचे नाव असते. दुसऱ्या दिवशीच्या खुलाशाने ते पुसले जात नाही. ही जबाबदारी विद्यार्थ्याला पदवीपूर्वीच उमगावी, एवढ्यासाठी वर्गातील नियम हवेत.