मोठ्यांच्या इंग्रजीलाही तयार शिक्षक हवा

वर्ध्यातल्या माझ्या संध्याकाळच्या इंग्रजी वर्गात वॉर्डबॉय येतात, बचतगट चालवणाऱ्या ताई येतात, बुटीबोरीच्या कारखान्यात बढतीची वाट पाहणारे भाऊ येतात. बहुतेकांची दहावी झालेली असते, म्हणजे शाळेतलं इंग्रजी पार पडलेलं असतं. तरी पहिल्या दिवशी ऐकू येतं, "मॅडम, समजते सारं, पण तोंडातून निघत नाही."

अशा माणसाला पुन्हा काळांचा तक्ता पाठ करायला लावणारे क्लास पाहिले की मला राग येतो. शिकवणाऱ्याचं इंग्रजी चांगलं असतं, पण मोठ्या माणसाला कसं शिकवायचं हे त्याला कोणी शिकवलेलंच नसतं. बी.एड. असलं तरी ते शाळेतल्या मुलांसाठीचं. चाळिशीतल्या बाईची चूक चारचौघांत काढली, तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. कुठली चूक तेव्हाच सुधारायची, कुठली जाऊ द्यायची, मराठीचा आधार कधी घ्यायचा, हे पुस्तक वाचून येत नाही. आपण शिकवत असताना कोणी जाणत्याने मागे बसून पाहावं लागतं.

केंब्रिजच्या सेल्टा अभ्यासक्रमातली हीच गोष्ट मला पटते. किमान 120 तासांच्या त्या प्रशिक्षणात सहा तास खऱ्याखुऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि शिकवून झालं की त्यावर चर्चा होते. त्याचं शुल्क मात्र इथल्या तरुण शिक्षकाला झेपणारं नाही.

मोठ्या माणसांना भाषा शिकवण्याचं काम वर्ध्याला नवं नाही. 1936 साली इथे स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने इतर भाषा बोलणाऱ्यांना हिंदी शिकवण्यासाठी प्रचारक उभे केले, परिचय, कोविद, रत्न अशा परीक्षांच्या पायऱ्या आखल्या. नोकरी-संसार सांभाळून मोठी माणसं त्या परीक्षांना बसली. आज इथल्याच हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी हिंदी शिकतात. गांधीजींच्या कर्मभूमीत इंग्रजीचा आग्रह कशाला, असं कोणी विचारेल. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेने शिक्षण मातृभाषेतून आणि कामाशी जोडलेलं हवं, असं सांगितलं. बँकेचा अर्ज आणि औषधाचं लेबल समोर ठेवून, मराठीतून समजावत इंग्रजी शिकवण्यात मला त्याच्याशी विसंगत काही दिसत नाही.

जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या इंग्रजी विभागाने उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभराचं असं प्रशिक्षण सुरू करावं आणि त्यात प्रत्यक्ष शिकवणं सक्तीचं ठेवावं. सरावासाठी माझा वर्ग खुला आहे.