मोटारीचा समुद्रप्रवास

परदेशी नोकरीचे पत्र आले की घरात पहिल्या दिवशी आनंद होतो आणि दुसऱ्या दिवसापासून याद्या सुरू होतात. कपडे, कागदपत्रे, मुलांचे शाळेचे दाखले, लोणच्याच्या बरण्या, आजीने दिलेला पितळी डबा. या यादीत शेवटी एक प्रश्न उरतो, तो अंगणात उभा असलेल्या मोटारीचा. सांगली-कोल्हापूरकडील एखाद्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून २०१९ साली एक लहान पेट्रोल मोटार घेतली. तिच्यातून बाहुबलीची यात्रा झाली, सुनेला बाळंतपणासाठी इस्पितळात नेले गेले. पुढे वडील गेले. आता मुलगा, सून आणि नातू इंग्लंडला निघाले आहेत. मुलगा म्हणतो, "आई, बाबांची गाडी मी बरोबरच नेतो." आईच्या मनातही तेच असते. प्रश्न भावनेचा असला, तरी उत्तर मात्र कायद्याच्या आणि हिशेबाच्या वाटेने काढावे लागते.

पहिली चौकशी स्टिअरिंगची करावी. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि चालक मोटारीत उजवीकडे बसतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, केनिया येथे हीच पद्धत आहे. अमेरिका, कॅनडा, युरोपचा बहुतेक भाग आणि आखाती देश येथे ती उलट आहे. तथापि रस्त्याची बाजू जुळली म्हणजे दार उघडले असे होत नाही. अमेरिकेच्या सुरक्षा मानकांनुसार न बनलेली मोटार कायमची आणायची तर ती २५ वर्षांपेक्षा जुनी असावी लागते. कॅनडात ही मर्यादा १५ वर्षांची आहे. सिंगापूर याच्या उलट वागते. तेथे तीन वर्षांपेक्षा जुनी मोटार आणता येत नाही, आणि रस्त्यावर आणण्यासाठी जो दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो त्याची किंमत कित्येकदा मोटारीहून अधिक असते. ऑस्ट्रेलियात स्थायिक होणाऱ्याला आपली मोटार नेता येते. मात्र ती परदेशात सलग किमान १२ महिने त्याच्या मालकीची व वापरात असावी लागते आणि आयातीची मंजुरी मोटार जहाजावर चढण्यापूर्वी हाती असावी लागते. मंजुरी नसताना मोटार तेथे पोहोचली, तर बंदरातील भाडे आणि परत पाठवण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो.

ऑस्ट्रेलियाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. चाकांच्या कमानीत अडकलेली माती, बियाणे, वाळलेली पाने यांतून परके कीटक देशात येऊ नयेत म्हणून तेथील तपासणी फार कडक असते. ॲस्बेस्टॉस असलेल्या सुट्या भागांना २००३ च्या अखेरीपासून तेथे बंदी आहे. म्हणून मोटार धुणे हे तेथे शोभेचे काम राहत नाही. खालचा भाग वाफेने धुऊन घ्यावा लागतो आणि गालिच्याखालची धूळही काढावी लागते.

आता मूळ घराकडे, म्हणजे इंग्लंडच्या वाटेकडे वळावे. ब्रिटनमध्ये बाहेरून आणलेल्या मोटारीवर सर्वसाधारणपणे १० टक्के सीमाशुल्क आणि त्यावर २० टक्के व्हॅट असतो. केवळ हिशेबासाठी असे धरावे की मोटारीची किंमत तीन लाख रुपये आणि जहाजभाडे व विमा मिळून दोन लाख. शुल्क पाच लाखांवर लागते, म्हणजे ५० हजार. व्हॅट साडेपाच लाखांवर लागतो, म्हणजे एक लाख दहा हजार. एकूण एक लाख साठ हजार रुपये केवळ कराचे झाले.

राहते घर बदलून येणाऱ्यांसाठी मात्र सवलत आहे. तिला 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स' म्हणतात. अर्जदार त्यापूर्वी किमान सलग १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेला असावा; मोटार किमान सहा महिने त्याच्या मालकीची आणि वापरात असावी; आणि तेथे आणल्यावर १२ महिने ती विकू, भाड्याने किंवा उसनी देऊ नये. या अटी पाळल्या तर शुल्क आणि व्हॅट दोन्ही माफ होतात. येथेच आपल्या कुटुंबाची अडचण उभी राहते. मोटार अजून वडिलांच्या नावावर आहे. वारसाच्या नावे नोंद होऊन सहा महिने लोटल्याखेरीज मुलाने अर्ज करण्यात अर्थ नाही. निघण्याची तारीख दोन महिन्यांवर आली असताना हे कळले, तर सवलत हातची जाते. म्हणून नोकरीची बोलणी सुरू होताच नोंदणीपत्रावरील नाव पाहावे.

कर माफ झाला तरी मोटार रस्त्यावर आली असे नाही. ती पोहोचल्यापासून १४ दिवसांच्या आत तेथील कर खात्याला कळवावे लागते. दहा वर्षांहून कमी वयाच्या मोटारीला ती ब्रिटिश मानकांत बसते याचे प्रमाणपत्र लागते. भारतात विकण्यासाठी बनलेल्या मोटारीजवळ ते सहसा नसते, म्हणून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते. वेगमापकावर मैलांचे आकडे हवेत; मागचा धुक्याचा दिवा मध्यभागी किंवा चालकाच्या बाजूला हवा. तीन वर्षांहून जुन्या मोटारीसाठी वार्षिक एमओटी तपासणी वेगळी. त्यानंतर नोंदणी, रस्ता कर आणि स्थानिक विमा. नव्याने आलेल्या चालकाला विमा महाग पडतो. भारतीय परवान्यावर तेथे स्थायिक झाल्यापासून १२ महिनेच वाहन चालवता येते. पुढे तेथील परीक्षा द्यावी लागते.

लंडनमध्ये राहायचे असेल तर आणखी एक हिशेब करावा. ऑगस्ट २०२३ पासून संपूर्ण लंडन स्वच्छ हवेच्या विशेष क्षेत्रात येते. पेट्रोल मोटार युरो-४ आणि डिझेल मोटार युरो-६ मानकाची नसेल, तर वापराच्या प्रत्येक दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. आपल्याकडील बीएस-४ मानक युरो-४ वर आधारलेले आहे आणि बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यामुळे २०१९ ची पेट्रोल मोटार या कसोटीच्या काठावर उतरू शकते. त्याच वर्षाची बीएस-४ डिझेल मोटार मात्र नाही.

मोटार समुद्रापार दोन रीतींनी जाते. पहिली रीत रो-रो जहाजाची. यात मोटार चालवतच जहाजाच्या पोटात नेतात आणि पट्ट्यांनी जखडतात. ही रीत बहुधा स्वस्त, परंतु किल्ली परक्या हातात जाते आणि आत घरगुती सामान ठेवता येत नाही. दुसरी रीत कंटेनरची. २० फुटी कंटेनरची आतली लांबी सुमारे ५.९ मीटर आणि रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. एक मोटार त्यात नीट बसते. ४० फुटी कंटेनरमध्ये दोन बसतात. चाकांना लाकडी ठोकळे लावून मोटार जखडली जाते, बॅटरीची वायर सोडतात आणि टाकीत थोडेच इंधन ठेवतात. न्हावा-शेवा येथून निघालेला कंटेनर, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात असताना, इंग्लंडला पोहोचायला पाच-सहा आठवडे सहज घेतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक जहाजांनी सुएझ सोडून हीच लांबची वाट धरली होती.

वाटेतील जोखमीचा विचार बहुतेक घरांत होत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फेलिसिटी एस' या जहाजाला अझोर बेटांजवळ आग लागली आणि सुमारे चार हजार मोटारींसह ते बुडाले. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या किनाऱ्याजवळ 'फ्रीमँटल हायवे' पेटले. त्यात एका भारतीय खलाशाला प्राण गमवावा लागला. असे अपघात विरळाच, परंतु नुकसान झालेच तर जहाज कंपनीची जबाबदारी मर्यादित असते. पुष्कळ देशांत मानल्या जाणाऱ्या नियमांप्रमाणे ती प्रत्येक नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे दोन एसडीआर, यांपैकी जी अधिक असेल ती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे एकक असून त्याची किंमत सव्वा अमेरिकी डॉलरच्या वर असते. दीड हजार किलोच्या मोटारीला तीन हजार एसडीआर, म्हणजे चार हजार डॉलरच्या आसपास. मोटार पंधरा-वीस लाखांची असेल, तर उरलेली रक्कम गेलीच.

म्हणून सागरी विमा स्वतंत्र घ्यावा. नेहमीची वाहन विमा पॉलिसी भारतापुरतीच असते. जादा हप्ता भरून ती फार तर नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढते. सागरी विम्यातही दोन प्रकार आढळतात. एकात जहाजच बुडाले तर भरपाई मिळते, दुसऱ्यात ओरखड्यापासून सर्व नुकसान येते. स्वस्त हप्ता पाहून पहिला घेतला, की काच फुटल्याचे दुःख खिशातूनच भरावे लागते.

विम्याचे आणखी एक कारण आहे. जहाज वाचवण्यासाठी समुद्रात विशेष खर्च झाला, तर तो जहाजमालक आणि सर्व मालधनी यांच्यात वाटण्याची जुनी प्रथा आहे. तिला 'जनरल ॲव्हरेज' म्हणतात. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात सहा दिवस अडकले. त्या जहाजावरील सर्व २५ खलाशी भारतीय होते. मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केले आणि जहाज जुलैपर्यंत कालव्यातच रोखून धरले गेले. अशा वेळी आपली वस्तू धडधाकट असूनही हिस्सा भरल्याशिवाय किंवा विमा कंपनीची हमी दिल्याशिवाय ती हाती येत नाही.

मोटार सुपूर्द करण्यापूर्वी चारही बाजूंची, आतली आणि खालची तारखेसह छायाचित्रे काढावीत. उतरवून घेताना नुकसान दिसले, तर तेथल्या तेथे लेखी नोंद करावी. आतले नुकसान नंतर ध्यानात आले, तर तीन दिवसांत कळवावे. दाव्याची मुदत साधारणपणे एक वर्षाची असते. बँकेचे कर्ज असेल, तर ते फेडून फॉर्म ३५ द्वारे आरटीओकडील बोजा आधी उतरवावा. कर्जाची मोटार बँकेच्या लेखी संमतीविना देशाबाहेर नेता येत नाही.

पुष्कळ घरे हा सारा हिशेब मांडून शेवटी मोटार विकायचे ठरवतात. तो निर्णय बहुधा शहाणपणाचा असतो, परंतु निघण्याच्या गडबडीत तेथेच मोठी चूक होते. ओळखीचा गिऱ्हाईक पैसे देतो, किल्ली घेतो, आणि "नाव नंतर करून घेऊ" असे सांगतो. मालक विमानात बसतो. कायद्याच्या दृष्टीने नोंदणीपत्रावर ज्याचे नाव तोच मालक. मध्यंतरी अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून फॉर्म २९ आणि ३० भरून, हस्तांतराची नोंद झाल्याचे डोळ्यांनी पाहूनच देश सोडावा. विमा कंपनीकडून 'नो क्लेम बोनस'चे पत्रही घ्यावे; परत आल्यावर ते उपयोगी पडते.

परतणाऱ्यांनी उलट वाटेचे नियम ध्यानी घ्यावेत. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यातील 'सामान' या व्याख्येतून मोटार वाहन वगळलेले आहे. त्यामुळे घर हलवून येणाऱ्याला भांडी-फर्निचरावर मिळणारी सवलत मोटारीला मिळत नाही. वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, असे आयात धोरण सांगते. उतरल्यावर तिची चाचणी पुण्याच्या एआरएआय किंवा अहिल्यानगरच्या व्हीआरडीई यांसारख्या संस्थेत होते. वापरलेल्या मोटारीवर अनेक वर्षे मूळ आयात शुल्कच १२५ टक्के होते, यावरून सरकारचा कल कळतो. अमेरिकेतील वा दुबईतील आवडती मोटार तेथेच विकून यावे, हे उत्तम.

राहिला प्रश्न त्या अंगणातील मोटारीचा. कागदावर दोन रकाने मांडले, तर एका बाजूला जहाजभाडे, विमा, तपासणी, फेरबदल, नोंदणी आणि दोन महिन्यांची प्रतीक्षा येते. दुसऱ्या बाजूला तेथेच एक वापरलेली मोटार घेण्याचा खर्च. अशा लहान मोटारीसाठी दुसरा रकाना बहुधा हलका ठरतो. परंतु या घरात तिसराही रकाना आहे. सांगलीत आई एकटी राहणार आहे. तिला दर महिन्याला मिरजेच्या इस्पितळात जावे लागते आणि शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या लेकीने नुकताच परवाना काढला आहे. मोटार आईच्या नावावर झाली, विमा तिच्या नावे निघाला, चाव्यांचा एक जुडगा लेकीकडे गेला, की वडिलांनी ज्या कामासाठी ती घेतली त्याच कामी ती राहते. मुलाच्या सामानात जागा उरली असेल, तर मोटारीतला वडिलांचा जुना चष्मा आणि हाताने लिहिलेली पेट्रोलच्या हिशेबाची वही तेवढी जाऊ द्यावी. त्यावर कोणत्याही देशात शुल्क लागत नाही.