गेट बंद होण्याआधीचं पुणं

सवाई गंधर्व महोत्सवात दुपारी उमेदीचे गायक-वादक बसतात, अंधार पडला की नावाजलेले आणि शेवटी ज्येष्ठ. महोत्सवाची सांगता प्रभाताई अत्रे करायच्या, हे मी अंबाजोगाईत असल्यापासून ऐकून होते. पुण्यात शिकायला आले तेव्हा भारतीय बैठकीचं तिकीट काढलं, मुकुंदनगरच्या मंडपात चादर अंथरून जागा धरली. दुपारची सत्रं मन लावून ऐकली. पण संध्याकाळच्या मुख्य गायकाचे तानपुरे जुळू लागले की मला उठावं लागतं. होस्टेलचं गेट नऊला बंद होतं. मुकुंदनगरहून बस मिळून पोहोचायचं, तर आठलाच निघायला हवं.

भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. पूर्वी तो रात्रभर चाले. ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे आता दहाला संपतो, एखाद्या दिवशी बाराला. म्हणजे आम्ही मुली मागतोय ते जास्तीचे दोन, एखाद्या दिवशी चार तास, तेही वर्षातल्या मोजक्या संध्याकाळी.

या शहरात विद्यार्थ्याला परवडेल असं पुष्कळ आहे. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात चित्रं बघायला पैसे लागत नाहीत. भरत नाट्य मंदिरात कॉलेजांच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेतल्या एकांकिका लागल्या की ‘अरे आवाज कुणाचा’च्या आरोळ्यांनी सभागृह दणाणतं. पडदा वर गेला की तीच पोरं चिडीचूप होतात, दुसऱ्या कॉलेजच्या चांगल्या प्रवेशालाही टाळी देतात. माझ्याच वयाच्या मुलीनं लिहिलेलं, बसवलेलं नाटक मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. आपणही लिहावं असं त्या संध्याकाळी वाटलं आणि तेव्हापासून मी लिहिते आहे. एका संध्याकाळीत एवढं घडू शकतं, म्हणूनच बुडालेल्या संध्याकाळींचं मला वाईट वाटतं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आमच्या परीक्षांच्या आणि सुट्टीच्या दिवसांत येते. व्यावसायिक नाटकाच्या पुढच्या रांगेचं तिकीट म्हणजे चार-पाच दिवसांची मेस. मागं बसायची माझी तयारी आहे, पण रात्री साडेनऊच्या प्रयोगाचा प्रश्नच येत नाही.

माझ्या आजोळी, केज तालुक्यात, दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो. कीर्तन रात्री नऊला उभं राहतं, अकराला संपतं. आजी, मामी, शेजारच्या बायका, आम्ही पोरी, सगळ्या जायचो आणि बॅटरीच्या उजेडात चिखल तुडवत घरी यायचो. माझ्या आजीला शाळा मिळाली नाही. तिला जे अभंग, जी आख्यानं पाठ आहेत ती सगळी रात्रीच्या कीर्तनातली. त्या आजीची नात विद्येच्या माहेरघरी येऊन नऊच्या आत कुलपात असते, हे मला पटत नाही.

सुरक्षिततेची काळजी खरी आहे. रेक्टर मॅडमवर जबाबदारी असते, तेही मला कळतं. पण माझ्या वडिलांनी लेखी संमती दिली, तिकीट दाखवलं, तरी उत्तर ‘नियम सगळ्यांना सारखा’ हेच मिळालं. मुलांच्या होस्टेलला मात्र हा नियम साडेदहाचा आहे. भीती रस्त्याची असेल तर उपाय रस्त्यावर करायला हवा.

तो अवघड नाही. महोत्सवाच्या दिवसांत कार्यक्रम संपल्यावर पीएमपीनं होस्टेलं जास्त असलेल्या भागांत गाड्या सोडाव्यात. आयोजकांनी विद्यार्थ्यांच्या तिकिटावर कार्यक्रम संपण्याची वेळ छापावी. तेवढं तिकीट आणि पालकांची संमती पाहून होस्टेलनं लेट पास द्यावा. चार-पाच जणींनी मिळून जायचं-यायचं, अशी अट घातली तरी चालेल. महोत्सव डिसेंबरात असतो. कॉलेजांचे सांस्कृतिक विभाग, होस्टेलं आणि आयोजक यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा एकत्र बसावं, आणि त्या बैठकीला होस्टेलमधल्या मुलींनाही बोलवावं.