कात टाकण्याची घाई

२६ जानेवारीच्या समारंभासाठी आमच्या शाळेत दरवर्षी मुलींचे एक स्वागतगीत बसविले जाते. कोणत्या मुलीने कोणत्या रांगेत उभे राहावयाचे याची यादी संगीताच्या बाई तयार करतात आणि मुख्याध्यापक या नात्याने आम्ही तिच्यावर सही करतो. यंदा ती यादी समोर आली तेव्हा अकरावीतील एक मुलगी मागच्या रांगेत, तीही टोकाला गेलेली दिसली. सबंध शाळेत तिच्यासारखा गळा दुसऱ्या कोणाचा नाही. आम्ही कारण विचारले तेव्हा बाईंनी आवाज खाली आणून सांगितले, “सर, पुढच्या रांगेचे फोटो निघतात. तिच्या तोंडावर किती मुरुम आलेत, पाहिलंत ना?” आम्ही चष्मा सारखा केला, ‘बरे’ म्हणालो आणि सही केली.

नोकरीत अशा सह्या हजारांनी होतात आणि संध्याकाळपर्यंत विसरल्याही जातात. ही सही मात्र विसरता आली नाही. ती का, हेच या महिन्यात वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीस या मुलीची आई आमच्या खोलीत आली. पोरगी दहा दिवस शाळेत आली नव्हती. “सर, ती परीक्षेलाच बसत नाही म्हणते,” एवढे बोलून बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग एकेक उलगडत गेले. यादी लागली त्याच आठवड्यात पोरीने मैत्रिणीच्या सांगण्यावरून औषधांच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चिठ्ठी कोणी विचारली नाही. चार-सहा दिवसांत चेहरा तुकतुकीत दिसू लागला. घरच्यांनाही कौतुक वाटले. पुढे मामेबहिणीचे लग्न आले. घराजवळच्या एका ब्यूटी पार्लरमध्ये थोडक्या पैशांत ‘केमिकल पील’ करून मिळते असे समजले, म्हणून ती तिकडे गेली. जळजळ होते असे तिने सांगितले, तेव्हा ‘जळजळतंय म्हणजे काम होतंय’ असे उत्तर मिळाले. दोन दिवसांनी दोन्ही गालांची साल निघाली आणि आठवड्याने तेथे तव्याच्या बुडासारखे काळे डाग उमटले. पोरगी लग्नाला गेली नाहीच. आरशावर तिने टॉवेल टाकून ठेवला होता.

आमची एक जुनी विद्यार्थिनी येथे इंदुरातच त्वचारोगतज्ज्ञ आहे. तिला फोन केला आणि दुसऱ्याच दिवशी मायलेकींना घेऊन तिच्याकडे गेलो. तिने भिंग लावून चेहरा पाहिला, पिशवीतून आणलेली ट्यूब उलटून वाचली आणि म्हणाली, “सर, हिला दोनदा फसवलंय. या ट्यूबमध्ये तीन औषधं आहेत : स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. वांगावर आम्हीही देतो, पण थोडे आठवडे आणि आमच्या नजरेखाली. मुरुमांवर हे लावायचं नसतं. स्टेरॉइडनं लाली दबते, रंग उजळल्यासारखा वाटतो, आणि कातडी नाजूक होत जाते. अशा कातडीवर त्यांनी ॲसिड ठेवलं. ते जिथवर जायला नको तिथवर गेलं.”

मग तिने मुलीला मायेने विचारले, “कशासाठी गं केलंस एवढं?”

मुलगी आमच्याकडे न पाहता म्हणाली, “पुढच्या रांगेत उभं राहायचं होतं.”

त्या खोलीत आम्हांस पुढे काही बोलणे सुचले नाही. परंतु बाहेर बाकावर बसल्यावर वाटले, की ज्या गोष्टीने या पोरीचा चेहरा भाजला ती गोष्ट मुळात आहे तरी काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. शिष्येकडून शिकण्यात गुरूला कमीपणा नाही. पुढील सारे तिच्याच समजुतीचे आहे.

साप वर्षातून काही वेळा कात टाकतो. आपली कातडी ती रोज टाकत असते. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी नव्या पेशी जन्माला येतात, साधारण चार आठवड्यांत पृष्ठभागावर पोहोचतात आणि मृत पापुद्रे होऊन गळतात. मुरुमांच्या त्वचेत या मृत पेशी रंध्रांच्या तोंडाशी चिकटून राहतात. आतील तेल कोंडते, जंतू वाढतात, सूज येते. सौम्य आम्ल मोजक्या वेळापुरते लावले, की या पेशींमधील बंध सैल होतात आणि कात थोडी लवकर व सारखी पडते. रंध्रे मोकळी होतात, वरचे डाग हळूहळू फिके पडतात. पील म्हणतात ते एवढेच. सौम्य पीलने त्वचा सोलली जावी अशी अपेक्षाच नसते. पुष्कळदा डोळ्यांना दिसण्याइतका पापुद्राही निघत नाही.

यातील आम्लेही आपल्याला परकी नाहीत. आजी दह्यात बेसन कालवून तोंडाला लावीत असे; त्या दह्यातील आंबटपणा लॅक्टिक आम्लाचा. स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळे काढले. जर्मन त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी १८८२ साली सॅलिसिलिक आम्लादी द्रव्यांचे त्वचेवरील परिणाम वर्णिले. या आम्लाच्या नावाचा आपल्या ‘साल’ शब्दाशी काही संबंध नाही. लॅटिन भाषेत ‘सॅलिक्स’ म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीचे झाड, त्यावरून ते नाव पडले. अमेरिकेतील व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांनी १९७४ साली ऊस, दूध, फळे यांत सापडणाऱ्या आम्लांच्या कुळाचा त्वचेवरील प्रभाव दाखवून दिला आणि आजच्या सौम्य पीलचा पाया घातला गेला.

आता कोणते आम्ल कोणाला? उसात सापडणाऱ्या ग्लायकोलिक आम्लाचा रेणू या कुळात सर्वांत लहान. तो झपाट्याने आत शिरतो, म्हणून घड्याळ लावून ठरल्या क्षणी त्याचा परिणाम थांबवावा लागतो. कडू बदामावरून नाव मिळालेल्या मँडेलिक आम्लाचा रेणू मोठा; जर्मन भाषेत बदामाला ‘मांडेल’ म्हणतात. तो सावकाश आणि सारखा उतरतो, म्हणून नाजूक व सावळ्या त्वचेला पुष्कळदा हेच मानवते. लॅक्टिक आम्ल त्वचेतील ओलावा राखते. कोरड्या, चटकन लाल होणाऱ्या चेहऱ्याला ते बरे. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळते, त्यामुळे ते तेलकट रंध्रांच्या आत पोहोचते आणि काळ्या-पांढऱ्या पुटकुळ्यांवर उपयोगी पडते; मात्र ॲस्पिरिन न सोसणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी त्याचे पील टाळावे. दुकानात मिळणाऱ्या चेहरा धुण्याच्या द्रवात हे आम्ल दोन टक्क्यांच्या आत असते. दवाखान्यातील पीलमध्ये वीस-तीस टक्के. नाव एकच असले तरी दोन्ही वस्तू एक नव्हेत. सुरीने भाजीही चिरतात आणि शस्त्रक्रियाही होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. आपल्या सावळ्या त्वचेतील रंगपेशी फार मानी असतात. भाजणे, चिमटणे, मुरुम फोडणे, अशी कोणतीही दुखापत झाली, सूज आली, की त्या जादा रंग ओततात आणि मागे काळा डाग ठेवतात. म्हणून जोरकस पील जितके अधिक खोल जाईल, तितका डाग जाण्याऐवजी नवा डाग पडण्याचा धोका अधिक. गोऱ्या कातडीच्या देशांतील चित्रफिती मोबाइलवर पाहून येथे प्रयोग करणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय. आपल्यासारख्यांसाठी सौम्यपणा हाच उपचाराचा गाभा आहे.

घरगुती प्रयोगांनाही हाच न्याय. लिंबाचा रस नैसर्गिक असला तरी त्वचेच्या मानाने अत्यंत तीव्र आम्ल आहे. तो लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे फोड येऊन काळे चट्टे पडतात. खाण्याचा सोडा उलट दिशेने त्वचेचे मूळचे सौम्य आम्लत्व मोडतो. दोन्हींना ‘घरचे’ या एका शब्दावर निर्धोक समजण्याची चूक आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत.

आमच्या या मुलीचे पुढे काय झाले? डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत पीलचे नावही काढले नाही. ट्यूब बंद. सौम्य साबणाविना द्रव, साधे ओलावा राखणारे क्रीम आणि सकाळी उन्हापासून रक्षण करणारे, तीस एसपीएफचे सनस्क्रीन. बाहेर असल्यास दर दोन-तीन तासांनी पुन्हा. “चार महिने कातडीला नुसती विश्रांती,” असे त्या म्हणाल्या, तेव्हा मुलीचा चेहरा पडला. मुरुमांचे रात्री लावण्याचे औषधही महिन्याभराने, थोडे थोडे करून सुरू झाले. मार्चमध्ये ती ओढणी बांधून परीक्षेला बसली. ओळख पटविण्याचे काम एका शिक्षिकेने आमच्या खोलीत, दार लोटून केले. तेवढे तरी आम्हांस करता आले.

माळव्याचे ऊन ओसरल्यावर, जूनच्या अखेरीस पहिली बैठक झाली. आधी कानामागे थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहिली. घरात कोणाला ठसठशीत उंचवट्याचे व्रण उमटतात का, ओठांवर ज्वराचे फोड येतात का, मुरुमांसाठी कोणत्या गोळ्या घेतल्या आहेत का, हे सारे विचारून झाले. मग मँडेलिक आम्ल, हातात घड्याळ, काही मिनिटे आणि थंड पाणी. किंचित चुणचुण झाली, आग झाली नाही. दोन-तीन दिवस गालांवर तांदळाच्या पिठासारखा कोंडा दिसला. तो ओढावयाचा नाही अशी सक्त ताकीद होती. तीन आठवड्यांनी दुसरी बैठक, आणखी तीन आठवड्यांनी तिसरी. प्रत्येक वेळी डाग एखाद्या छटेने उतरला. त्याहून अधिक नाही. आईला वाटे, फार सावकाश चालले आहे. त्यावर आमची शिष्या हसून म्हणे, “काकू, सावकाश चाललंय म्हणूनच नीट चाललंय.”

वाचकहो, पार्लरला आणि दुकानदाराला दोष देऊन हा लेख येथे संपविणे सोपे होते. दोष त्यांचा आहेच. अनेक स्टेरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ साली केला. तो पाळला जात नसेल तर गिऱ्हाइकाने तरी पाळावा. पण त्या पोरीला दुकानापर्यंत कोणी धाडले? आपण विठ्ठलाला सावळा म्हणून आळवितो आणि सून मात्र गोरी शोधतो. वधू-वर सूचनांची पाने चाळून पाहावीत. शिक्षणाच्या आधी रंग छापलेला आढळेल. पील ही मुरुमांवरची व डागांवरची एक चिकित्सा आहे. मूळचा वर्ण बदलण्याची ती युक्ती नव्हे, आणि तसे आश्वासन जो देईल त्याच्या पायरीवरूनच परतावे.

सुश्रुतसंहितेत या विकाराला मुखदूषिका म्हटले असून त्या पुटकुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. त्याची गणना तेथे क्षुद्ररोगांत होते. वैद्यकाच्या दृष्टीने ते यथायोग्य असेल. परंतु सोळा वर्षांच्या मुलीला आरशात दिसणारा कोणताही रोग क्षुद्र नसतो, हे शाळेत आयुष्य घालविलेल्या माणसाला कोणी सांगावे लागू नये. आम्हांस ते सांगावे लागले.

ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाची यादी सहीसाठी आली. आम्ही ती वाचली नाही. वरच्या समासात ‘रांगा आवाजानुसार लावाव्यात’ एवढे लिहून बाईंकडे परत पाठविली. त्यांनी एकवार आमच्याकडे पाहिले आणि काही न बोलता दुसरी यादी करून आणली. १५ ऑगस्टला ती पोर पहिल्या रांगेत, मध्यभागी उभी होती. गालांवरचे डाग अजून ओळखू येत होते आणि हनुवटीवर एक नवी पुटकुळी होती. फोटो निघाले. त्यांतील एक सध्या आमच्या खोलीत लावलेला आहे. सही करण्यास बसलो, की समोरच येतो.