खिशात मावतं म्हणून...

अमेरिकेत रोज जवळ बाळगायला पिस्तूल घेणारे आधी आकार बघतात, मग गोळ्या मोजतात. २०१८ साली आलेलं सिग सावरचं पी ३६५ गाजलं ते त्यामुळेच. जाडी जेमतेम एक इंच, वजन सुमारे ५०० ग्रॅम, तरी मॅगझिनमध्ये १० गोळ्या! त्याच्यापुढे १९८८ चं ग्लॉक १९ (सुमारे ६७० ग्रॅम, १५ गोळ्या) म्हणजे अगदी ठोकळा वाटतो.

पण गोळी दोन्हीत तीच, ९ मिमीची. आणि न्यूटन कुणाला सवलत देत नाही. पिस्तूल हलकं, तर हाताला झटका जास्त. शिवाय मूठ आखूड, नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणा जवळजवळ. हात किंचित हलला तरी गोळी बरीच भरकटते.

थोडक्यात, लपवायला सोपं ते चालवायला अवघड. म्हणून माझं मत असं, की दुकानात हातात घेऊन भाळू नका. रेंजवर भाड्याने घ्या, शे-दोनशे गोळ्या झाडा, मग ठरवा. हुकलेली गोळी हवेत विरत नाही हो, मागे कुणीतरी उभं असतं!

सरावाला वेळच नाही म्हणता? मग कुठलंच घेऊ नका.