‘किंवा’, ‘आणि’, ‘नाही’

संचांचे गणित म्हणजे नववीतल्या पोरांची डोकेदुखी, आपल्याला काय त्याचे, असे आपण मोठी माणसे म्हणतो. पण यंदा दिवाळीच्या तोंडावर आमच्या चऱ्होलीत एका आजींचे पाणी याच गणितावर अडून बसले होते.

चऱ्होल्या दोन. बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. खुर्द खेड तालुक्यात. दोघींचा छेद संच रिक्त, म्हणजे एकही घर दोन्हीकडे नाही. असे संच भांडत नाहीत. भांडण लागते ते एकमेकांत शिरलेल्या संचांचे.

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना झळकली: ‘ज्यांनी टँकरवर्गणी किंवा देखभालखर्च भरला नाही, त्यांचे पाणी बंद.’ घरे ६०. वर्गणी भरलेली ४१, देखभाल भरलेली ३८. बेरीज ७९! कारण दोन्ही भरलेली २९ घरे दोनदा मोजली गेली. ती एकदा वजा करा, उरतात ५०. हा झाला संयोग संच. त्याच्या बाहेर १०, ज्यांनी छदामही दिला नाही. छेद संचाच्या, म्हणजे त्या २९ च्या बाहेर मात्र ३१. आता पाणी दहांचे तोडायचे की एकतीसांचे? आजी नेमक्या मधल्या २१ जणांत: वर्गणी वेळेवर, देखभाल मुलाची मनिऑर्डर येईपर्यंत थांबलेली. (मनिऑर्डर हा माझा जुना शब्द, पैसे हल्ली फोनवरच येतात.)

ऑगस्टस डी मॉर्गन हा इंग्रज गणिती १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मला. त्याच्या नावाचे दोन नियम आहेत. संयोगाबाहेर असणे म्हणजे पहिल्याच्याही बाहेर आणि दुसऱ्याच्याही बाहेर. छेदाबाहेर असणे म्हणजे पहिल्याच्या किंवा दुसऱ्याच्या बाहेर. ‘नाही’ आत शिरले की ‘किंवा’चे ‘आणि’ होते, ‘आणि’चे ‘किंवा’.

सभेत मी एवढेच विचारले, “पाहुणा ‘चहा किंवा कॉफी नको’ म्हणाला, तर त्याच्यापुढे कॉफी ठेवाल का?”

चिटणीस म्हणाले, “आम्हाला ३१ च म्हणायचे होते.”

“मग तसे स्वच्छ लिहा: दोन्ही रकमा भरलेल्यांनाच पाणी.”

झाले! सभेत त्या एकवीसांपैकी बरेच बसले होते. ते वाक्य लिहायला हात कोणाचाच उठेना. अखेर ‘एकही रक्कम न भरलेल्यांचे’ असा शब्द पडला, आणि आजी सुटल्या.

राहिलेल्या दहांपैकी चार घरांना कुलूपच होते. तो संच कोणी मोजलाच नव्हता.