जुन्या गाण्यावरून बीट बनवताय? अपलोड करण्याआधी हे समजून घ्या

समजा, घरात आईबाबांच्या काळातली एक कॅसेट सापडली. तिच्यातला सतारीचा तीन सेकंदांचा तुकडा तुम्ही फोनमध्ये घेतला, कापला, पुढेमागे लावला, खाली ड्रम टाकले. पहिली बीट तयार! मित्र म्हणतात, भारी झालीये, टाक की यूट्यूबवर. इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरी गडबड सुरू होते अपलोडच्या बटणापाशी. कारण आवाज कापायचं तंत्रज्ञान गेल्या काही वर्षांत प्रचंड पुढे गेलंय, पण परवानगीचा मामला होता तिथेच आहे.

नेमकं काय बदललं?

पूर्वी सॅम्पल घ्यायचं म्हणजे गाण्यात गायक गप्प असलेली जागा शोधत बसावं लागायचं. आवाज, तबला, व्हायोलिन सगळं एकाच रेकॉर्डिंगमध्ये मिसळलेलं असतं ना! २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच म्युझिक कंपनीने 'स्प्लीटर' नावाचं टूल सगळ्यांसाठी खुलं केलं. मेटाच्या संशोधकांनी 'डेमक्स' आणलं. आता एफएल स्टुडिओ आणि लॉजिक प्रोमध्ये ही सोय आतच मिळते, आणि फोनवरची अ‍ॅप्सही गाण्यातून आवाज, ड्रम, बेस वेगळे करून देतात. २०२३ मध्ये बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं, तेव्हा जॉन लेननचा आवाज जुन्या कॅसेटमधून अशाच मशीन लर्निंगने सोडवून घेतला होता.

हे चालतं कसं? ज्या गाण्यांचे वेगवेगळे ट्रॅक उपलब्ध आहेत अशी भरपूर गाणी मॉडेलला ऐकवतात. कुठल्या क्षणी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कोणतं वाद्य असतं याचा अंदाज ते शिकतं. मग नव्या गाण्यात तोच अंदाज लावून नको तो भाग दाबतं. अंदाजच तो, त्यामुळे कधीकधी आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

बाकीचं गणित शाळेतलं आहे. ९० बीपीएम म्हणजे मिनिटाला ९० ठोके, म्हणजे एक ठोका ०.६७ सेकंदांचा. चार ठोक्यांचा एक बार २.६७ सेकंदांचा, चार बारचा लूप सुमारे १०.७ सेकंदांचा. तुमचं सॅम्पल ७६ बीपीएमचं असेल तर जुन्या पद्धतीने, म्हणजे कॅसेट जोरात फिरवल्यासारखं, तीन सेमीटोन वर नेलं की वेग साधारण १.१९ पट होतो आणि ते ९० ला येऊन बसतं. हिप-हॉपमधल्या त्या चिरक्या, लहान मुलांसारख्या वाटणाऱ्या आवाजांमागे हीच युक्ती आहे. एका संध्याकाळी शिकून होतं.

एका गाण्याचे मालक किती?

शिकून होत नाही ती ही गोष्ट: एका गाण्यात किमान दोन वेगळे हक्क असतात. एक रेकॉर्डिंगचा, जो बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडे असतो. दुसरा रचनेचा, म्हणजे चाल आणि शब्दांचा. सॅम्पल घेताना तुम्ही दोन्हीला हात लावता.

याची गाजलेली केस आपल्याच गाण्याची आहे. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं 'अ‍ॅडिक्टिव्ह' हिट झालं. त्यात १९८१ च्या 'ज्योती' सिनेमातलं लता मंगेशकरांचं 'थोडा रेशम लगता है' सरळ वाजत होतं. संगीतकार बप्पी लाहिरी कोर्टात गेले, सारेगामानेही दावा ठोकला. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टाने सांगितलं, लाहिरींचं नाव दिल्याशिवाय ही सीडी विकायची नाही.

आता उलटी केस. 'आराधना'मधल्या 'बाग़ों में बहार है' चा तुकडा टिंबालँडने एका रॅप गाण्यात वापरला. सारेगामाने अमेरिकेत खटला भरला आणि २०११ मध्ये अपिलातही हरली. का? १९६७ च्या करारानुसार त्या रेकॉर्डिंगवर कंपनीचा खास हक्क दोनच वर्षांचा होता, असा कोर्टाने अर्थ लावला. म्हणजे ज्याचं नाव कॅसेटवर छापलंय तोच मालक, हेही पक्कं नाही.

आणि हा जुना विषय नाही. २०२४ मध्ये 'मंजुम्मेल बॉइज'मध्ये 'गुणा'तलं गाणं वापरलं म्हणून इळैयराजांनी नोटीस पाठवली. निर्मात्यांचं म्हणणं होतं, आम्ही म्युझिक कंपन्यांकडून परवानगी घेतलीय. मोठ्या निर्मात्यांचा इथे गोंधळ होतो, तर कॉलेजातल्या पोराने कोणाला ईमेल करायचा? सॅम्पल 'क्लिअर' करायला वकील आणि पैसा लागतो. टूल फुकट झालं, परवानगी झाली नाही. आणि याचा सगळ्यात जास्त फटका नवशिक्यालाच बसतो.

'सात सेकंद चालतात' ही अफवा

असा कुठलाही सेकंदांचा नियम भारतीय कायद्यात नाही. परदेशातही कोर्टांचं एकमत नाही. अमेरिकेत एका कोर्टाने २००५ मध्ये छोट्याशा सॅम्पललाही परवानगी हवी असं ठरवलं, तर दुसऱ्याने २०१६ मध्ये मॅडोनाच्या 'व्होग'मधला ०.२३ सेकंदांचा तुकडा दखल घेण्याइतका नाही म्हणून सोडून दिला. क्राफ्टवर्कच्या दोन सेकंदांच्या सॅम्पलवरून युरोपच्या कोर्टाने २०१९ मध्ये म्हटलं की बदल करून ते कानाला ओळखूच येत नसेल, तर हरकत नाही.

पण यूट्यूबचं कंटेंट आयडी कोर्टात जात नाही. ते ऑडिओचा ठसा काढून आपल्याकडच्या साठ्याशी जुळवतं. जुळला, तर मालक ठरवतो: व्हिडिओ ब्लॉक करायचा, त्याची कमाई स्वतःकडे घ्यायची की नुसतं लक्ष ठेवायचं. हा 'क्लेम' झाला. 'स्ट्राइक' वेगळा, तो रीतसर तक्रारीवरून येतो आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जाऊ शकतं. गायकाचा आवाज काढून टाकला म्हणजे ठसा पुसला, असं समजू नका.

मग मोकळं काय आहे?

भारतात रेकॉर्डिंगचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. म्हणजे १९६० चं रेकॉर्डिंग २०२० संपताना मोकळं झालं. रचनेचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

एक उदाहरण घ्या. लताबाईंचं 'अभंग तुकयाचे'. शब्द तुकोबांचे, ते सगळ्यांचे. पण चाली श्रीनिवास खळ्यांच्या. ते २०११ मध्ये गेले, म्हणजे चालींवरचा हक्क २०७१ पर्यंत. रेकॉर्डिंगचा हिशोब आणखी वेगळा. 'अभंग आहे, कोण विचारतंय' हे चालणार नाही.

याउलट १९११ चं 'संगीत मानापमान'. पदं कृ. प्र. खाडिलकरांची, निधन १९४८. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, निधन १९५५. दोन्ही हक्क संपले. त्यातल्या पदांच्या बालगंधर्वांच्या १९६० आधीच्या ७८ आरपीएमच्या तबकड्याही भारतात मोकळ्या आहेत. त्यात ऑर्गन आहे, सारंगी आहे, तबला आहे, आणि तो करकरणारा आवाज, जो लो-फाय वाले मुद्दाम टाकतात! फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा: अमेरिकेत १९२३ ते १९४६ मधल्या रेकॉर्डिंगना १०० वर्षांचं संरक्षण आहे, आणि कंटेंट आयडी मोकळ्या गोष्टीवरही चुकून क्लेम लावू शकतं. तेव्हा तारखांचा पुरावा जपून ठेवा, डिस्प्यूट करता येतो.

तर माझा सल्ला असा. शिकताना घरच्या घरी हवं ते कापा. खासगी वापराला कायद्यात 'फेअर डीलिंग'ची मुभा आहे, आणि आवडत्या गाण्यावर शिकण्यासारखं दुसरं काही नाही. पण लोकांसमोर आणायची बीट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. तिच्यात तीनच प्रकारचे आवाज घ्या: स्वतः रेकॉर्ड केलेले, फ्रीसाउंडसारख्या साइटवरचे 'सीसी झीरो' लायसन्सचे आणि मुदत संपलेले. प्रत्येक आवाज कुठून आला ते एका नोटमध्ये लिहून ठेवा. कंटाळवाणं वाटेल. पण उद्या एखादा रॅपर तुमची बीट विकत घ्यायला आला, तर त्याचा पहिला प्रश्न हाच असेल: सॅम्पल क्लिअर आहे ना?

आणि गल्लीतला हलगीवाला ओळखीचा असेल, तर त्याला विचारा, दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करू का. तो हो म्हणाला तर पैसे द्या आणि बीटवर त्याचं नाव टाका. ही परवानगी तुम्हाला वकिलाशिवाय मिळते.